अनुस्वार आधी गळाले : एका गाडीच्या अक्षरकामाचा प्रकरण अभ्यास

दोन्ही गाड्या एकाच दिवशी आल्या. बनावट एक, रंग पांढरा, मालकीण एकच. पंप आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसांना घेऊन त्या दिवसभर फिरतात. अक्षरं एकाच रोलमधून कापली होती, चिकटवणारे हातही तेच होते. नवव्या दिवशी ताईंचा फोन आला. “दादा, दुसऱ्या गाडीवरचे अनुस्वार पडायला लागलेत. ‘पंखे’चं ‘पखे’ दिसतंय.” पहिली गाडी कशी आहे विचारलं, तर ती ठणठणीत.

गाडीवरच्या विनाइल अक्षरांच्या कामाला बोलताना सरसकट ‘रेडियमचं काम’ म्हणतात. ते उखडलं की दोष बहुतेक वेळा मालावर ढकलला जातो. रोल हलका होता, गम जुना होता, असं सांगून मोकळं होता येतं. इथे ती पळवाटच नव्हती, कारण त्याच रोलमधली अक्षरं जोडीच्या गाडीवर घट्ट बसलेली होती. म्हणूनच हे प्रकरण सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

काय उखडलं आणि काय टिकलं

गाडी परत आली तेव्हा मी लगेच हात लावला नाही. आधी कागदावर नकाशा काढला. उजव्या अंगाला फक्त नाव, खिडकीच्या रेषेखाली, मोठ्या अक्षरांत. डाव्या अंगाला तेच नाव आणि त्याखाली, मागच्या चाकाच्या कमानीला लागून, कामांची यादी दोन ओळींत, ६० मिमी उंचीच्या अक्षरांत. मागच्या दारावर फोन नंबर.

नाव दोन्हीकडे शाबूत होतं. यादीतले तीन अनुस्वार गळून पडलेले, दोन लोंबकळत होते. वेलांट्यांची टोकं आणि उकारांच्या शेपट्या वर उचललेल्या. खालच्या ओळीतली शिरोरेषा मागच्या टोकाला बोटभर सुटलेली. फोन नंबरचं दृश्य मात्र चमत्कारिक होतं: पहिले दोन आकडे पक्के, मधले चार कोपऱ्यांतून सुटलेले, पुढचा एक पक्का आणि शेवटचे पुन्हा सैल. माल खराब असता तर असं मधूनमधून का सुटलं असतं?

अनुस्वार आधी का पडले, हे समजायला थोडं गणित लागतं. अक्षर सुटायला सुरुवात नेहमी कडेपासून होते. पाणी, धूळ, पुसणाऱ्याचं फडकं, सगळं तिथूनच आत शिरतं. बारा मिमी व्यासाच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिमी आणि कड सुमारे ३८ मिमी. मोठ्या नावातली ३०० मिमी लांब, ४० मिमी रुंद शिरोरेषा घेतली, तर १२,००० चौरस मिमी क्षेत्रफळाला कड ६८० मिमी. म्हणजे दर चौरस मिमीमागे ठिपक्याला शिरोरेषेच्या जवळजवळ सहा पट कड वागवावी लागते. देवनागरीत हे तुटक ठिपके आणि बारीक टोकं ओळीओळीला येतात. रोमन लिपीत बिंदू दोन अक्षरांपुरताच असतो, आपल्याला ‘पंप’ लिहायलाही लागतो. त्यामुळे पृष्ठभागावर काही बिनसलं असेल, तर मराठी मजकुरात ते लवकर उघड होतं.

मग एक लोंबकळणारा ठिपका चिमट्याने काढून उलटा केला. गम पूर्णपणे फिल्मवरच होता, गाडीच्या रंगावर त्याचा मागमूस नाही. ही खूण महत्त्वाची. गम मधून फाटून अर्धा रंगावर आणि अर्धा फिल्मवर राहिला असता, तर गमाची ताकद कमी पडली असं म्हणता आलं असतं. गमात धुळीचे कण रुतलेले दिसले असते, तर धुणं नीट झालं नाही म्हणून प्रश्न मिटला असता. इथे गम स्वच्छ, सलग आणि चकचकीत होता. त्याने रंगाला धरलंच नव्हतं. दोघांच्या मध्ये काहीतरी होतं आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

जे संशयित सुटले

रोलचा संशय आधीच फिटला होता, तरी उरलेल्या तुकड्यातून चार ठिपके कापून काचेवर लावले आणि एक दिवस ठेवले. नख घालूनही निघेनात. तापमान पाहिलं. विनाइलचा गम थंड पत्र्यावर कडक पडतो आणि पसरत नाही, म्हणून १० अंश सेल्सियसच्या खाली सहसा कुणी काम करत नाही. पण लावायच्या आधी पत्र्याचं तापमान मोजून वहीत लिहायची आमची सवय आहे. पहिल्या गाडीला २३ अंश आणि दुसरीला २१ अंश अशी नोंद होती. तेही सुटलं. स्क्वीजीचा, म्हणजे फिल्म दाबून बसवायच्या सपाट पट्टीचा, दाब कमी पडला असता, तर फिल्मखाली रुपेरी, हवा अडकल्यासारखे डाग दिसले असते. तसे कुठेच नव्हते.

रंग ताजा असता तर वेगळी गोष्ट होती. नव्याने रंगवलेल्या पत्र्यातून द्रावक हळूहळू बाहेर येत राहतो आणि फिल्मखाली फुगे धरतो. पण ही गाडी कारखान्यातून आली त्याच रंगात होती आणि फुगे नव्हतेच. रंग उन्हाने पांढुरका, भुकटीसारखा झालेलाही नव्हता. काळं फडकं घासून पाहिलं, ते काळंच राहिलं.

पाणी काय सांगतं

यानंतर केलेली चाचणी इतकी साधी आहे की ती आम्ही आधी का केली नाही, याचं वाईट वाटतं. सुटलेली अक्षरं काढली, तो भाग भरपूर स्वच्छ पाण्याने धुतला, वाळवला आणि फवारणीच्या बाटलीने बारीक तुषार मारले.

डाव्या अंगाला वर, नावाच्या आसपास, पाणी चपटं बसलं. वेडेवाकडे तुकडे एकमेकांत मिसळत खाली ओघळले. यादीच्या जागी मात्र ते मोत्यासारखं गोल झालं, आणि कमानीच्या जितकं जवळ तितका थेंब उंच. दारावर फवारलं तेव्हा मी आणि माझ्याकडचा मुलगा दोघंही गप्प झालो. तिथे धनुष्यासारखे वाकलेले पट्टे उमटले. एका पट्ट्यात थेंब, शेजारी चपटं पाणी, पुन्हा थेंबांचा पट्टा. खांद्यापासून हात फिरवत पुसलं की फडक्याचा जसा माग पडतो, अगदी तसा. सुटलेले आकडे थेंबांच्या पट्ट्यांत होते आणि टिकलेले आकडे मधल्या जागेत.

यामागचं कारण पृष्ठऊर्जेत आहे. कोणताही द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरायचा की गोळा व्हायचा, हे त्या दोघांच्या ओढीवर ठरतं. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे बराच जास्त, त्यामुळे पृष्ठभागाची ओढ कमी पडली की पाणी स्वतःला आवळून घेतं. सिलिकॉन तेलाच्या थराची पृष्ठऊर्जा, म्हणजे ही ओढ, त्याच मापात विशीच्या आसपास असते, गाडीच्या स्वच्छ रंगाची साधारण त्याच्या दुप्पट. विनाइलचा गमही फार घट्ट द्रवासारखाच वागतो. लावल्यावर तो रंगाच्या बारीक खाचाखोचांत दिवसभर हळूहळू पसरत राहतो आणि त्या पसरण्यातूनच पकड वाढते. ओढ नसलेल्या जागी तो पसरत नाही. नुसता टेकून राहतो. म्हणून पहिल्या दिवशी सगळं छान दिसतं आणि आठवड्याने टोकं उठतात.

या चाचणीला तांत्रिक भाषेत ‘पाणी तुटण्याची चाचणी’ म्हणता येईल. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२२ या मानकात ती दिलेली आहे. स्वच्छ धातूवर पाण्याचा पडदा अखंड राहायला हवा, ही तिच्यातली मूळ कल्पना. गाडीच्या रंगावर मात्र ती तशीच्या तशी लावू नये. चांगला स्वच्छ रंगसुद्धा पाण्याचा पडदा अखंड धरत नाही. म्हणून तुलना करायची: त्याच गाडीवरची खात्रीची जागा आणि संशयाची जागा. दुसरी खबरदारी त्याहून मोठी. शाम्पूचा अंश रंगावर राहिला असेल, तर तेलकट पत्र्यावरही पाणी पसरतं आणि खोटी खात्री मिळते. भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय या चाचणीवर विश्वास ठेवू नये.

जोडीला मास्किंग टेपची चाचणी केली. सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या वर, मध्ये आणि कमानीजवळ नखाने घासून लावल्या आणि उलट्या दिशेने सावकाश ओढल्या. वरची पट्टी कुरकुरत, अडत निघाली. कमानीजवळची कागदाचा कपटा उचलावा तशी हातात आली.

सिलिकॉन आलं कुठून

ताईंना विचारलं, गाडी आमच्याकडे आणायच्या आधी काय केलं होतं? त्या म्हणाल्या, “अहो, तुमच्याकडे यायचं म्हणूनच आदल्या दिवशी धुवून घेतली. टायरसुद्धा चमकवून दिले त्यांनी.”

टायर काळेभोर दिसावेत म्हणून जी फवारणी मारतात, तिच्यात बहुधा सिलिकॉन तेल असतं. चाकाभोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीलाही तेच मारतात. बारीक तुषार पत्र्यावर उडतात. चाक फिरायला लागलं की टायरवरचं ओलं तेलही मागे फेकलं जातं. धुणाऱ्यांनी त्यांचं काम नीट केलं होतं. ताईंनी “त्यांना बोलू का?” असं विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो. टायरला काय लावलंय, हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

रंगकाम करणाऱ्यांना हे दुखणं जुनं आहे. सिलिकॉनचा सूक्ष्म अंश पत्र्यावर राहिला, तर ताजा रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून चांगल्या रंगशाळेत सिलिकॉनची फवारणी दाराच्या आतसुद्धा येऊ देत नाहीत. आम्हा अक्षरवाल्यांना खड्डा दिसत नाही, म्हणून आपण सैल राहतो.

कमानीजवळचं कोडं एवढ्याने सुटलं. दाराचं सुटलं नाही. दारावर त्या वक्र पट्ट्यांत सिलिकॉन कुणी नेलं?

आमचं फडकं

पहिली गाडी कामावरून थेट आली होती. चिखल, धूळ, खालच्या पत्र्यावर डांबराचे ठिपके. ती आम्ही शाम्पूने धुतली, डांबर काढलं, वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसली आणि मग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, शेवटचा हात दिला. फडकी काळी होत होती म्हणून सारखी बदलली.

दुसरी गाडी धुवून, चमकून आली. आम्ही आधीचं सगळं गाळलं आणि आयपीएने पुसून कामाला लागलो. कामाच्या वेळी काढलेले फोटो पुन्हा पाहिले. उजव्या अंगाच्या फोटोत फडकं घडी घातलेलं, ताजं. डाव्या अंगाला तेच, यादीच्या जागेवर, कमानीच्या पट्टीला घासून जाणारं. शेवटच्या फोटोत ते दारावर. एकच फडकं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कारण ते पांढरंच होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. मळकी गाडी नीट स्वच्छ झाली, कारण मळ दिसत होता आणि मळ दिसला की माणूस फडकं बदलतो. सिलिकॉन फडक्याला रंग देत नाही. पुसणारा मुलगा माझ्याकडे नवा आहे. त्याला मी ‘फडकं मळलं की बदल’ एवढंच शिकवलं होतं आणि त्याने ते तंतोतंत पाळलं. चूक शिकवण्यात होती.

आयपीएकडूनही आमची अपेक्षा चुकीची होती. आयपीए बोटांचे ठसे, हलका तेलकटपणा, शाम्पूचा उरलेला अंश छान उचलतं. पण सिलिकॉन तेलाला ते नीट विरघळवत नाही, आणि आम्ही वापरतो तसं पाणी मिसळलं की आणखी कमी. त्या तेलाला हायड्रोकार्बन द्रावक लागतो, नॅफ्थाच्या, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या हलक्या द्रावकाच्या, जातीचा. वॅक्स-ग्रीस रिमूव्हर म्हणून मिळणारी बरीच द्रावणं त्याच जातीची असतात. त्या दिवशी आम्ही ओल्या फडक्याने कमानीवरचं सिलिकॉन अर्धवट सैल केलं, फडक्यात घेतलं आणि दारावर नेऊन पातळ पसरवलं. न पुसता दार तसंच ठेवलं असतं, तर फोन नंबर बहुधा टिकला असता.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण या कामात मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. द्रावक मळ नाहीसा करत नाही. तो मळाला थोडा वेळ तरंगता करतो. त्या थोड्या वेळात कोरड्या फडक्याने टिपून घेतलं, तर मळ गाडीवरून जातो. द्रावक आपोआप वाळू दिला, तर तो उडून जातो आणि मळ होता तिथेच बसतो, फक्त आधीपेक्षा पातळ आणि जास्त जागेवर. म्हणून एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात कोरडं. ओलं फिरलं की लगेच कोरडं, पत्रा वाळायच्या आत.

पुन्हा केलेलं काम

डाव्या अंगाची यादी आणि फोन नंबर पूर्ण काढले. नाव ठेवलं. हीट गनने फिल्म हाताला सोसेल इतकी कोमट करून, पत्र्याला जवळजवळ चिकटून मागे ओढली. जे आकडे पक्के बसले होते त्यांच्याखाली थोडा गम राहिला. तो काढायला संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारलेला गम रिमूव्हर वापरला. हे द्रावण गम मऊ करतं, पण मागे स्वतःचा तेलकट थर ठेवतं. त्याने गम निघाला म्हणजे जागा तयार झाली असं समजू नये. खरी सफाई तिथून पुढे.

धुताना सुरुवात चाकं आणि काळ्या पट्टीपासून केली, वेगळा स्पंज आणि वेगळी बादली घेऊन. वॅक्स नसलेला शाम्पू. ‘धुवा आणि चमकवा’ जातीचा शाम्पू इथे मुळीच नको, तो मुद्दाम मागे थर ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. मग टपापासून खाली, भरपूर पाणी. पुसायची फडकी आम्ही आता घरच्या कपड्यांबरोबर धूत नाही. कपडे मऊ करणारं द्रावण फडक्यात उतरतं आणि तिथून पत्र्यावर. कॉम्प्रेसरच्या हवेने फटींतलं पाणी उडवायचा मोहही टाळला, कारण त्या हवेबरोबर कॉम्प्रेसरचं तेल येऊ शकतं. दाराची फट आणि पट्टीची कड हीट गनने हलकी शेकून वाळवली आणि तासभर गाडी तशीच ठेवली. फटीत दडलेलं पाणी स्क्वीजी फिरवताना नेमकं अक्षराखाली येतं.

मग काळी पट्टी आधी रिमूव्हरने पुसून तिच्यावर मास्किंग टेप आणि प्लॅस्टिक लावून टाकलं. आता फडकं चुकूनही तिला लागणार नव्हतं. एवढी एक गोष्ट पहिल्यांदा केली असती, तरी दार वाचलं असतं.

रिमूव्हर आधी दाराच्या आतल्या कडेला लावून रंग मऊ पडत नाही ना ते पाहिलं. मग हातभर लांब-रुंद जागा घेऊन काम सुरू. फडक्याची चौघडी घातली की त्याच्या आठ बाजू मिळतात. एक बाजू, एक पट्टा, मग बाजू बदलायची. पांढरी दिसो की काळी. आठ बाजू झाल्या की फडकं बाद. हात गोल फिरवायचा नाही, एकाच दिशेने न्यायचा आणि स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे. कमानीकडून वर कधीच नाही. दर फेरीनंतर जागा वाळली की पाण्याचे तुषार, निरीक्षण, पुन्हा वाळवणं. दार दोन फेऱ्यांत सुधारलं. कमानीजवळ तीन फेऱ्या लागल्या. तिसरीनंतर तिथलं पाणी नावाजवळच्या पाण्यासारखंच चपटं झालं.

पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर घेऊन हेच का करू नये, असं मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. रॉकेल डांबर काढतं, पण तेलकट थर सोडतं. पेट्रोलमध्ये इंधनासाठी मिसळलेली इतर द्रव्यं असतात, ती मागे राहतात, आणि भडक्याचा धोका वेगळाच. जहाल थिनर रंगालाच मऊ करतं. मऊ झालेल्या रंगावर गम चांगला धरतो असं वाटतं, पण अक्षर काढायची वेळ आली की रंगही बरोबर येतो.

शेवटचा हात आयपीएचा, ७० भाग आयपीए आणि ३० भाग पाणी. शुद्ध आयपीए फडकं फिरायच्या आत उडून जातं. पाण्यामुळे ते थोडं रेंगाळतं आणि पाण्यात विरघळणारे क्षारही उचलतं. इथेही दोन फडक्यांची रीत तीच. पत्र्याच्या कडा, दाराची घडी आणि टेपलगतची रेघ यांच्यासाठी स्क्वीजीला फडकं गुंडाळून वेगळा हात दिला. अक्षरं उचलायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते आणि तळहाताने पुसताना नेमकी तीच जागा सुटते.

हातात नायट्राइलचे मोजे होते. दारं-खिडक्या उघड्या. आयपीएची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, तिचा ज्वलनबिंदू १२ अंशांच्या आसपास आहे. म्हणून बाटल्या आणि वापरलेली फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात, बाहेर. ती गेल्याशिवाय हीट गन हातात घेतली नाही.

टेपची चाचणी पुन्हा केली. तिन्ही पट्ट्या सारख्याच कुरकुरत निघाल्या.

अक्षरं नव्याने कापताना शिरोरेषेच्या टोकांचे काटकोन किंचित गोल केले. टोकदार कोपरा फडक्याला अडकतो, गोल कोपरा निसटतो. ठिपकेही मोठे करावेत असं वाटत होतं. पण तसं केलं असतं तर यश सफाईचं की मोठ्या ठिपक्याचं, हे कधीच कळलं नसतं. म्हणून वरच्या ओळीतले अनुस्वार १६ मिमीचे केले आणि खालच्या, कमानीला खेटून असलेल्या ओळीतले १२ मिमीचेच ठेवले. त्याच रोलमधून, त्याच दाबाने. ट्रान्सफर टेप, म्हणजे कापलेली अक्षरं उचलून पत्र्यावर नेणारी चिकटपट्टी, पत्र्याला समांतर, उलट दिशेने, सावकाश काढला आणि प्रत्येक ठिपक्यावर अंगठ्याने नाही, तर फडकं गुंडाळलेल्या स्क्वीजीने पुन्हा दाब दिला.

ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. पहिले दोन दिवस धुणं नको, गमाला पसरायला वेळ लागतो. नंतर दाबाच्या पाण्याने धुतलं तर फवारा पत्र्यापासून किमान ३० सेंमी लांब आणि समोरून, अक्षराच्या कडेखाली शिरेल असा तिरका नको. टायर चमकवायला हरकत नाही. फवारा टायरवर न मारता स्पंजवर घेऊन लावला तर उत्तम.

नंतरच्या भेटी

नवव्या दिवशी मी स्वतः जाऊन पाहिलं. महिन्याने पुन्हा पाहिलं. सहा महिन्यांनी गाडी दुसऱ्या कामासाठी आली तेव्हा भिंग घेऊन बसलो. खालच्या ओळीतले १२ मिमीचे सगळे अनुस्वार जागेवर होते, नख कडेवरून घसरून जात होतं. शिरोरेषेच्या टोकाला केसाएवढी काळी रेघ दिसली. ती फिल्म आकसल्याची होती. आम्ही वापरतो ती लाटून बनवलेली फिल्म काळाने थोडी आकसतेच, तेवढा गम उघडा पडतो आणि धूळ धरतो. टोक उचललेलं नव्हतं. पहिल्या गाडीवरही तशीच रेघ, तेवढीच.

कामाची पद्धत बदलली ती थोडक्यात सांगतो. वहीत तापमानाच्या शेजारी आता आणखी दोन रकाने आहेत: गाडी शेवटची कधी आणि कशाने धुतली, टायर आणि पट्ट्यांना काय लावलं. पाण्याचे तुषार प्रत्येक गाडीवर, चकचकीत असली तर आधी. आणि फडकी मोजून काढतो, अंगाला चार आणि दाराला दोन. काम संपल्यावर ती घडी न मोडलेली सापडली, तर पुसणं पुन्हा करतो.

यंदा ताईंची तिसरी गाडी आली. त्यांनी ती धुळीसकट आणली. “मुद्दामच धुतली नाही,” म्हणाल्या. आम्ही वेगळी बादली घेऊन चाकांपासून सुरुवात केली.